रब्बाय, दोन मिनिटं

टेम्पोत सगळ्यात शेवटी चढली ती मनुकांचं सरबत गाळायची चाळण. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, सुरू होताना ते सरबत लागतंच, आणि ठाण्यात चाळण मिळत नसावी असा आईचा समज होता.

"अगं, लोदला चालल्यासारखी काय रडतेस? ठाण्याला चाललाय तो," बाबा म्हणाले.

"लोदवाले आले की महिनाभर राहतात. हा शुक्रवारचा कधी जेवायला येणार, सांगा."

शब्बाथला मी वाहनात बसत नाही, त्यामुळे शुक्रवार मावळला की ठाकुर्ली ते ठाणे हे अंतर इस्राएलइतकंच.

समाजातले तुम्ही सगळे इस्राएलात लोदला गेलात, अश्दोदला गेलात, तेव्हा अख्खी इमारत विमानतळावर आलेली. आपल्या बेने इस्राएल समाजात घर सोडणं म्हणजे तेच. मी मात्र जेरुसलेमला शिकून परत आलेलो, ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, झालेलो आणि दर शुक्रवारी तिथल्याच मागच्या खोलीत एकटा झोपत होतो. बायको रिना दोन्ही मुलांना घेऊन ठाकुर्लीत. शुक्रवारी रात्री मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा, तो बापाने. तो बाप रविवारी उगवायचा. म्हणून आम्ही सिनेगॉगपासून सात मिनिटांच्या अंतरावर घर घेतलं.

ठाण्यात सत्कार झाला. शाल, नारळ, तीन भाषणं. बॅनरवरचा माझा फोटो अध्यक्षांच्या फोटोपेक्षा लहान होता, ते योग्यच. रब्बाय आता चोवीस तास आपल्यात आहेत, असं अध्यक्ष म्हणाले तेव्हा मीही टाळ्या वाजवल्या. नीट ऐकायला हवं होतं.

बाबा कारखान्यात कामाला होते. शुक्रवारी अंधार पडला की ते टीव्ही बंद करून म्हणायचे, "घाणा बंद." आपले पूर्वज कोकणात तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा थांबवायचे, त्याची ही आठवण. माझा घाणा नेमका शब्बाथलाच जोरात, शुक्रवार रात्रीपासून. प्रार्थना संपली की सिनेगॉगच्या अंगणात सगळे मला गाठायचे. "रब्बाय, दोन मिनिटं." कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाची भावाशी भांडणं, कुणाला नवसाच्या मलिद्याला फळं किती हवीत ते विचारायचं. घरी पोचलो की दारावर टकटक. "रब्बाय आहेत का घरी?" रिना पानं वाढून बसायची. मुलं उशीवर.

एका शुक्रवारी अंगणात हातबोशी चालली होती. एकमेकांच्या बोटांना स्पर्श करून मग आपली बोटं ओठांना लावायची, हा आपला जुना रिवाज. म्हातारी, मध्यमवयीन, अशी रांग पुढे सरकत होती. मी न बघताच हात पुढे करत होतो. मग एक हात फार खालून आला.

याएल. आमची सहा वर्षांची. तिने बोटं ओठांना लावली आणि म्हणाली, "रब्बाय, दोन मिनिटं आहेत का?"

मागून शालोम अंकल म्हणाले, "पुढे हो गं. आमचंही काम आहे."

"काय काम आहे तुझं?" मी तिला विचारलं.

"दात पडला."

"कधी?"

"मंगळवारी."

पुढचाच दात होता. मंगळवारपासून शुक्रवारपर्यंत मी या मुलीशी बोललो होतो, तिला शाळेतही सोडलं होतं. शालोम अंकलनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं काम रविवारवर ढकललं.

मी तिचा हात धरून अध्यक्षांकडे गेलो. म्हणालो, यापुढे शुक्रवारी प्रार्थनेनंतर मी नाही. कुणी दगावलं तर या, बाकी सगळं रविवारी.

"लोक काय म्हणतील, रब्बाय?"

"म्हणू दे," शालोम अंकल मागून म्हणाले. "पोरांचे दात काय रविवार बघून पडतात?"

ठाकुर्लीची ओढ अजून आहे. आईची चाळण वापरतो. सरबताचा पेला हातात घेतो त्याच वेळी तिकडे बाबाही घेत असतात, एवढं मला माहीत असतं. पुढच्या शुक्रवारी मी दोन्ही डोक्यांवर हात ठेवले, तेव्हा दोघंही जागी होती. डोळे मात्र पोळीवर. तेवढ्यात टकटक झाली. सवयीने उठलो, पण याएल आधी पोचली.

"रब्बाय आहेत का घरी?"

"पप्पा घरी आहेत," ती म्हणाली. "म्हणून भेटणार नाहीत."