चौदा हजार फुटांवरचं टायमिंग

माझं शेवटचं फील्ड पोस्टिंग चौदा हजार फुटांवर होतं. रँक हवालदार, ट्रेड व्हेईकल मेकॅनिक. आमच्याकडे एक पेट्रोल जीप होती आणि ती नाईक दत्ता मोरे चालवायचा. वरच्या पोस्टवर पोचला की तो रेडिओवर रिपोर्ट द्यायचा, "गाडी ठीक, ड्रायव्हर ठीक." आधी गाडी, मग माणूस, अशी आमची पद्धत.

एका दुपारी तो शेलिंगमध्ये अ‍ॅम्युनिशन घेऊन वर गेला. रेडिओवर आवाज आला, "गाडी ठीक."

"ड्रायव्हर? ओव्हर."

उत्तर आलं नाही. जवान धावत गेले तेव्हा दत्ता स्टिअरिंगवर मान टाकून होता आणि इंजिन चालूच होतं.

आता येरवड्यात माझ्या शेडमध्ये तशीच जीप आहे. आम्ही जुन्या सोबत्यांनी ती लिलावात घेतली. दरवर्षी दत्ताच्या स्मृतिदिनी ती कात्रजच्या जुन्या घाटातून वर नेतो. यंदा त्याची बायको, सुनंदावहिनी, म्हणाल्या, "या वेळी मी चालवणार."

"वहिनी, चढावर बंद पडली तर?"

"मग तुम्ही कसले मेकॅनिक?"

नारायण पेठेतल्या बाईपुढे कोण बोलणार! पण माझी झोप उडाली. नवख्या पायाने क्लच सोडला तरी कमी आरपीएमला इंजिनाने ओढलं पाहिजे. ट्रायलला घेतली, तर पहिल्याच वळणावर इंजिन ठकठक करत बंद पडलं. टॅपेट पाहिले, प्लग बदलले, काही उपयोग नाही. मंडईत भाजी घेतानाही ती ठकठक कानात होती.

भेंडी निवडता निवडता लक्षात आलं. वरच्या विरळ हवेसाठी लावायचो तो पेट्रोल कमी सोडणारा लहान जेट यंदाच्या सर्व्हिसिंगला मी कार्बोरेटरला लावला होता. ठिणगीचं टायमिंगही तसंच पुढे ओढलेलं. हात अजून दत्ताचीच जीप तयार करत होते. पुण्याची हवा त्यांना कुणी सांगितलीच नव्हती. पिशवी घेऊन तडक शेड गाठली, मोठा जेट बसवला, टायमिंग मागे घेतलं.

स्मृतिदिनी मी वहिनींच्या शेजारी बसलो, मुठी आवळून. अवघड वळणावर त्यांनी क्लच घाईने सोडला. जीप थरथरली, मग दमदार आवाज करत चढू लागली. वर पोचल्यावर त्यांनी हँडब्रेक ओढला आणि समोर बघत म्हणाल्या, "गाडी ठीक."

मी त्यांच्याकडे वळलो.

"ड्रायव्हर ठीक."

मला रडू फुटलं. इंजिन चालूच होतं.

"रॉजर, दत्ता," मी म्हणालो.