पहिली कळ

"झालंच म्हणून समजा ताई," असं ती म्हणाली, की आपलं कापड अजून पिशवीतच पडलंय हे ओळखावं. गळ्यात टेप, ओठांत टाचणी आणि मान मशीनवर खाली. वर न पाहता ती हे वाक्य म्हणायची. जळगाव जामोदच्या आमच्या गल्लीत तिच्याइतका नेटका ब्लाउज कोणी शिवत नव्हतं आणि तिच्याइतका उशीरही कोणी करत नव्हतं. माझा दिवाळीचा ब्लाउज मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला घातला, तोही एका बाहीला तुरपाई नसलेला. भांडायला गेलं तर ती चहा टाकायची. तुमच्याही गल्लीत अशी एखादी असेलच, तेव्हा पुढं भांडणाचं काय होतं ते मी सांगायला नको.

मी सरकारी दवाखान्यात नर्स. बाळंतपणाच्या वॉर्डात इतकी वर्षं काढली, की घरी आल्यावर कोणाशी बोलायचीही इच्छा राहत नाही. तरी ती आली की दार उघडायचं, कारण ती दार वाजवतच राहायची.

तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आधी गल्लीतल्या बायका विचारायच्या, मग त्यांनी विचारणं सोडून दिलं. ते तिला जास्त लागलं. एका दुपारी ती पदराखाली थर्माकोलचा डबा घेऊन माझ्या दारात उभी राहिली.

"ताई, तुमच्या फ्रिजमदी थोडी जागा हाय का?"

डब्यात इंजेक्शनं होती. नवराबायकोनं अकोल्याच्या एका डॉक्टरांकडे टेस्ट ट्यूब बाळाचे उपचार सुरू केले होते आणि घरात कोणाला सांगितलं नव्हतं. सासू बाजारात भाजी घेऊन बसायची. वांगी, मेथी, सांभाराच्या म्हणजे कोथिंबिरीच्या जुड्या. तिला कळलं की गिऱ्हाइकांना कळणार, ही हिची भीती. म्हणून अकोल्याची प्रत्येक फेरी घरात 'शेगावले दर्शनाले' म्हणून सांगितली जायची. ते अगदीच खोटं नव्हतं. अकोल्याला जाताना शेगावला उतरावं लागायचं, येताना ती दर्शन घ्यायची आणि प्रसादही आणायची.

इंजेक्शनं माझ्या फ्रिजमध्ये दह्याच्या पातेल्यामागं राहू लागली. रोज संध्याकाळी ती गळ्यात टेप अडकवून यायची. घरी सांगून निघायची, "ताईचं माप घेऊन येतो." मी पोटात सुई टोचायची, ती डोळे मिटून ओठ आवळायची, आणि जाताना खरंच माझ्या दंडाला टेप लावायची, म्हणजे कोणी पाहिलं तर पाहिलं. माझे यजमान एकदा म्हणाले, "ते रोज माप घेते, तू रोज वाढून राह्यली का?" आम्ही दोघी हसलो. ती जरा जास्तच हसली आणि मग तिला रडू आलं.

एक सांगते. ज्या बाईनं जन्मात कोणाचा ब्लाउज वेळेवर दिला नाही, ती सुईच्या वेळेला एकदाही चुकली नाही. मला ड्युटीवरून यायला उशीर झाला तर पायरीवर बसलेली असायची, आत फ्रिज चालू असेल ना, या काळजीत.

पहिल्यांदा गर्भ राहिला नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "ताई, हे काही झालंच म्हणून समजता येत नाही बाप्पा." तिच्या तोंडून तेच शब्द असे उलटे ऐकून मला फार वाईट वाटलं. दुसऱ्यांदा राहिला. सासूनं महाराजांच्या नावानं बाजारभर पेढे वाटले.

आणि नवव्या महिन्याच्या शेवटी सगळं अडलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की तारीख उलटू द्यायची नाही. दाखल व्हा, औषधानं कळा आणू. थांबायचंच असेल तर थांबा, पण रोज तपासणी करावी लागेल आणि हालचाल कमी वाटली तर लगेच यायचं. ठरवा आणि सांगा.

सासू ऐकेना. "पहिल्या खेपेले लांबतेच. माहे दोन्ही पोरं उशिरा झाले. त्या डॉक्टरले काय मालूम दिवस कवा राह्यले? महाराजाचा प्रसाद हाय तो, त्याच्या येळेवर येईन."

डॉक्टरांना नेमकं माहीत होतं. गर्भ त्यांनीच ठेवला होता, तारखेत चूक व्हायला जागाच नव्हती. पण हे सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं. नवरा म्हणाला, "तू म्हणशीन तसं." तो बिचारा खरंच तेवढंच म्हणू शकत होता.

ती माझ्याकडे आली. या वेळी टेप नव्हता. खुर्चीत बसताना तिला दोन्ही हातांचा आधार लागला.

"ताई, तुमी काय म्हणता?"

मी दोन्ही पाहिलं आहे. थांबून सुखरूप झालेल्या पाहिल्या, थांबून रडलेल्याही पाहिल्या. औषधाच्या कळा जास्त जीव घेतात हेही पाहिलं. मी तिला हे सगळं सांगितलं आणि म्हटलं, डॉक्टर म्हणतात ते बरोबर वाटतं, पण हो तुलाच म्हणायचंय.

ती पोटावर हात फिरवत राहिली. मग म्हणाली, "सगळं सुईनं झालं ताई. अंडं सुईनं, गर्भ सुईनं, टिकला तोही सुईनं. मले वाटे, एक कळ तरी आपल्या मनानं यावी. एकच. मंग पुढं काय करायचं ते करा."

 तिच्या पायांवर सूज होती, ती मी बोटानं दाबून पाहिली. सवय.

"पण थांबाले बी ताकद लागते," ती म्हणाली. "रात्रंदिवस पोटावर हात ठेवून हाव मी. हाललं का, नाही हाललं. आता माह्यात ते ताकद नाही. उद्या जातो."

मग ती घरी गेली आणि तिनं सासूला सगळं सांगितलं. मी सोबत होते. म्हातारी दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी सांभाराच्या जुड्या बांधत होती. ऐकताना तिचे हात थांबले नाहीत. शेवटी म्हणाली, "एवढ्या सुया खाल्ल्या, अन् मले सांगतलं नाही. घरात मीच एक परकी का?" आणि तिनं पुढची जुडी ओढली. सकाळी आम्ही निघालो तेव्हा दारातही आली नाही. मी रजा टाकून सोबत गेले होते, म्हणून ते मला दिसलं. नाहीतर हिनं सांगितलंही नसतं.

अकोल्याला औषध दिलं, मग सलाईन लावलं. मी उशाशी स्टुलावर बसले होते. दुपार कलल्यावर तिनं एकदम माझं मनगट धरलं. तोंड आवळलं, सोडलं. कपाळावर घाम.

"ताई, ही माही हाय का औषधाची?"

मी सलाईनकडे पाहिलं. थेंब पडत होते. तिचे दिवस भरलेले होते, त्यामुळं खरं म्हणजे ते कोणालाच सांगता आलं नसतं, डॉक्टरांनाही नाही.

"तुहीच हाय," मी म्हटलं.

"खरंच?"

"खरंच. औषधाची अशी नसते."

तिनं डोळे मिटले. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं, ते मला आजही आठवतं. पुढच्या कळांनी तिला पार पिळून काढलं, पण तिनं पुन्हा विचारलं नाही. मध्ये मी म्हटलं, "झालंच म्हणून समज," तर तिनं मला अशी शिवी दिली की शेजारची सिस्टर हसली.

संध्याकाळच्या आत मुलगी झाली. थोड्या वेळानं सासू आली, दोन बस बदलून, जुन्या मऊ लुगड्याचे धुतलेले तुकडे पिशवीत घेऊन. सुनेशी बोलायच्या आधी तिनं डॉक्टरांना गाठलं. "तुमीच दिवस मोजले म्हणे. मंग बरोबर मोजले ना?" डॉक्टर म्हणाले, बरोबर. "मंग ठीक," म्हणाली, आणि नात मांडीवर घेतली.

पोरगी चालायला लागली तेव्हा नवऱ्याला नाशिककडे काम लागलं आणि ते गेले. म्हातारी इथंच राहिली. ती बाजारात बसते आणि नातीचे फोटो गिऱ्हाइकांना दाखवते. हिच्या शिवणाच्या दुकानाच्या जागी आता मोबाईलचे कव्हर विकतात. इतकी मापं घेतली, पण त्या मापांचा ब्लाउज तिनं शिवलाच नाही. त्यासाठी मी दिलेलं कापड ती सोबत घेऊन गेली. फोनवर विचारलं की म्हणते, झालंच म्हणून समजा.

मी अजून त्याच वॉर्डात आहे. पाय दुखतात, बायका येतात, सलाईन लागतात. औषध दिलेली एखादी पहिल्यांदा ओठ आवळते, तेव्हा मी जवळ जाऊन सांगते, "तुहीच हाय ही." त्यांनी काही विचारलेलं नसतं. त्या माझ्याकडे पाहतात, या बाईला काय झालं म्हणून. मी त्यांचा हात धरून थोडा वेळ उभी राहते.