कमलताईंची तीन पानं

२०२२ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा. हातात पडद्याची दोरी, भिंतीवरच्या घड्याळात सहाला सहा मिनिटं कमी, आणि जिचं पुस्तक होतं ती बाई आत्ता कुठे माइकपाशी पोचत होती.

अंबरनाथ पूर्वेला एका ट्रस्टचं छोटं नाट्यगृह आहे. नाव लिहीत नाही, कारण मी अजून तिथेच आहे. पडद्याच्या दोरीवर असतो. शिक्षण चौथी, त्याची लाज नाही. भल्याभल्या शिकलेल्यांना मी विंगेतून हात केला की स्टेजवर जावं लागतं. विंग म्हणजे स्टेजच्या बाजूची जागा, प्रेक्षकांना दिसत नाही ती. तिथे माझं स्टूल असतं.

आमच्याकडे घंटा आणि पडदा हे दोन वेगळे कारभार. तिसरी घंटा झाली की कार्यक्रम सुरू. ती कधी द्यायची ते आयोजक सांगतात, मी फक्त बटण दाबतो. पडदा मात्र माझा. वेळ संपली की पडदा पडतो, कारण पुढचे लोक दारात असतात. संध्याकाळी नाटक असलं तर त्यांचा टेम्पो येतो. त्यातून भिंती, दारं, सोफे उतरवायचे, ठोकायचे, लाइट बांधायचे. याला सेट लागणं म्हणतात. अडीच तास जातात. मागे एका सत्कार समारंभाने अर्धा तास जास्त खाल्ला, तर नाटकवाल्यांनी ऑफिसात येऊन आईबहीण काढली. तेव्हापासून नियम झाला. वेळ वाढवून हवी तर मॅनेजरच्या सहीची चिठ्ठी आणा. चिठ्ठी नाही तर पडदा. एकोणीस वर्षांत मी बिनचिठ्ठीचं एक मिनिट कुणाला दिलेलं नाही.

त्या दिवशी तीन ते सहा पुस्तक प्रकाशन होतं. कमलताई गायकवाड, बुवापाड्याच्या. एमआयडीसीत औषधाच्या बाटल्या पॅक करायच्या कारखान्यात आयुष्य काढलं, त्यावर पुस्तक लिहिलं. दुपारी एकलाच एकट्या येऊन स्टेजवर उभ्या राहिल्या. निळी साडी, हातात पुस्तक, त्यात बोट अडकवलेलं.

"दादा, मागच्या रांगेत ऐकू जाईल का?"

"उल्हासनगरला ऐकू जाईल. माइक आहे."

हसल्या नाहीत. "माझ्या डिपार्टमेंटच्या अकरा बायका येणारेत. पुस्तक त्यांच्यावर आहे, पण त्यांना वाचता येत नाही. म्हणून तीन पानं वाचून दाखवणार. दहा मिनिटं लागतात. घरी घड्याळ लावून बघितलंय."

मी विचारलं, कुठली तीन पानं. लोक मला सांगतात. विंगेतल्या माणसाला सगळे सांगतात.

कमलताईंचा मुलगा तान्हा असताना आजारी होता. कामात लक्ष लागेना, खोके कमी भरायचे. शेजारच्या टेबलावरची गंगूबाई आपले भरलेले खोके तिच्या नावावर सरकवायची. तीन महिने सरकवले. मग गंगूबाईच्या हिशेबात खोके कमी पडतात हे सुपरवायझरने पकडलं. त्याला वाटलं, कमी पडलेले खोके गंगूबाईने बाहेर विकले. सगळ्या डिपार्टमेंटसमोर तिला चोर म्हणाला, महिनाभर घरी बसवलं. गंगूबाईने तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर कमलताईंची नोकरी गेली असती.

"मीपण गप्प बसले," कमलताई म्हणाल्या. "तीस वर्षं झाली. बायका अजून म्हणतात, गंगू आली, पिशव्या सांभाळा. उद्या सकाळी तिचा मुलगा तिला जळगावला नेतोय. कायमची. आज ती असेल, त्यापण असतील. सगळ्यांसमोर झालं होतं ना, मग सगळ्यांसमोरच सांगायला पाहिजे."

मी म्हटलं, "सांगा. मी इथेच आहे."

पावणेतीनला बायका आल्या. पुढच्या रांगेत बसल्या. आयोजक प्रधान सर धावत आले. "मावशी, या खुर्च्या पाहुण्यांच्या. तुम्ही जरा मागे." मावशा उठून अकराव्या रांगेत गेल्या. गंगूबाई म्हणजे कोण ते मला लगेच कळलं. ती कडेला, दोन खुर्च्या सोडून बसली होती.

तीन वाजले. प्रमुख पाहुणे नाहीत. एक पुढारी येणार होते. प्रधान सर म्हणाले, "अण्णा, घंटा थांबवा." थांबवली. सव्वातीन, साडेतीन. मॅनेजर लालवानी माझ्याकडे बघेना. हा उल्हासनगरचा माणूस, मराठी फर्डं बोलतो, अडचणीत आला की हिंदीवर जातो. "रुको अण्णा, बस पाँच मिनिट." पावणेचारला पाहुणे आले, मी तिसरी घंटा दिली. पाऊण तास गेला तो तिथे गेला. पण घंटा माझी नव्हती. मी स्टुलावर बसून होतो.

मग दीपप्रज्वलन, स्वागत, शाली. पाच वक्ते. एकानेही पुस्तक वाचलेलं दिसत नव्हतं, पण सगळे भरपूर बोलले. आपल्याकडे लेखकाचं मनोगत अध्यक्षांच्या आधी असतं. पण अध्यक्षांना बदलापूरला लग्नाला जायचं होतं, म्हणून ते आधी घेतले. पस्तीस मिनिटं बोलले.

म्हणून कमलताई माइकपाशी आल्या तेव्हा सहाला सहा कमी. त्यातही प्रधान सरांनी त्यांच्या हातात आभाराची यादी दिली. नियमाने वागणारी बाई. सगळी नावं वाचली, कुणाचं 'माननीय'सुद्धा गाळलं नाही.

लालवानी विंगेत आला. "अण्णा, दस मिनिट दे दो यार. बाई हैं."

"चिठ्ठी द्या."

"चिठ्ठी क्या? मी सांगतोय ना."

"सही करा. लगेच देतो. दहा काय, वीस देतो."

त्याने खिशातलं पेन काढलं. बघितलं. परत खिशात ठेवलं. सही केली की नाटकवाल्यांची शिवी त्याच्या नावावर. "देख लो फिर, तुम्हारी मर्जी," म्हणून निघून गेला.

मी विंगेतला लाल दिवा दोनदा लावला. वेळ संपत आल्याची खूण असते ती. नाटकवाल्यांना कळते. कमलताईंना कुठून कळणार? त्यांनी पुस्तक उघडलं. म्हणाल्या, "आमची गंगूबाई इथे बसली आहे. तिच्याबद्दल एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही. ती अशी, की त्या वर्षी पावसाळ्यात..."

सहा वाजले. मी दोरी ओढली.

पडदा पुरता बंद व्हायला अकरा सेकंद लागतात. त्या वळून माझ्याकडे बघत राहिल्या. साउंडवाल्याने सवयीने माइक बंद केला. बाहेर लोकांना वाटलं, संपलं. टाळ्या झाल्या. अकराव्या रांगेतल्या टाळ्या जास्त वेळ चालू होत्या.

कमलताईंनी पुस्तक मिटलं, पायऱ्या उतरून गेल्या. बाहेर पाहुण्यांच्या गाड्या निघत होत्या, सेल्फी चालू होते, बायकांना रिक्षात बसायची घाई. मी गेट लावायला गेलो तर त्यांच्यातली एक ठसकेबाज बाई थांबली.

"काय ओ भाऊ, त्या साहेबासाठी घड्याळ थांबलं नि आमच्या कमळीसाठी पळालं का?"

"घंटा माझ्या हातात नसते, मावशी."

"दोरी होती ना?"

मी गेट लावलं.

सहा वाजून दहा मिनिटांनी नाटकवाल्यांचा फोन आला. टेम्पो शिळफाट्यावर बंद पडलाय, दुसरा बघतोय. तो आला पावणेआठला. तोपर्यंत स्टेज रिकामं होतं. लालवानी ऑफिसातून बाहेरच आला नाही. मी स्टुलावर बसून होतो. पडद्याच्या आत कुणी नाही, बाहेर कुणी नाही, आणि माझ्याकडे पावणेदोन तास. सेट घाईत लागला, नाटक अर्धा तास उशिरा सुरू झालं, आणि प्रेक्षक एक शब्द बोलले नाहीत.

मला वेळ पाळण्याचा मोठा अभिमान. पण वेळ पाळायची तर सुरुवातीला पाळावी लागते. शेवटी पाळली, की जो शेवटी उभा असतो त्याचीच कापली जाते. आणि शेवटी कोण उभं असतं ते सगळ्यांना माहीत असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बुवापाड्यात गेलो. घर विचारत विचारत सापडलं. कमलताई पाणी भरत होत्या.

"गंगूबाई गेल्या?"

"सहाला. गाडी केली होती."

"रात्री त्यांच्या घरी जाऊन वाचायचं होतं."

"गेले होते. सामान बांधत होती. मुलगा, सून. मला म्हणाली, कशाला जुनं उकरतेस, जेवून जा." त्यांनी हंडा खाली ठेवला. "तिला काय सांगायचं, दादा? तिला माहीतच होतं."

"बाकीच्या बायका तर इथेच आहेत. त्यांना वाचून दाखवा."

"दाखवीन. पण ती नसताना. माणूस गेल्यावर चांगलं बोलतात तसं."

मी म्हटलं, "चूक माझी नव्हती. नियम आहे तसा."

"नव्हतीच तुमची," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "सुपरवायझर बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, असा आमच्याकडेपण नियम होता. मीपण पाळला."

चहा विचारला. मी नको म्हटलं. माफी मागितली नाही. ती सवय मला नाही.

तिथून चालत हॉलवर आलो. दहाला एका शाळेचं गॅदरिंग होतं. मुलं मेकअप करून बसली होती. बाईंच्या हातात कार्यक्रमाचा कागद होता. मी मागून घेतला आणि बोट ठेवून वाचला. वर पाहुण्यांची सहा नावं, खाली मुलांचे नाच.

"बाई, मुलं आधी घ्या. एकला पडदा पडतो."

"असं कसं, अण्णा? पाहुण्यांचा मान असतो."

"दहाला तिसरी घंटा देणार मी."

बाई हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. दहाला दोन मिनिटं कमी होती, आणि पाहुण्यांचा पत्ता नव्हता. मी बटणावर बोट ठेवून उभा राहिलो.