चौथ्या गल्लीतला ठक्

ज्या माणसानं अख्ख्या वऱ्हाडाला वरातीत नाचवलं, त्याला मी एकदाही नाचताना पाहिलं नाही. उलट गाणं सुरू केलं की हा माणूस पायात चपला सरकवून चालायला लागायचा. अमरावतीला आमच्या घराच्या मागच्या खोलीत तो भाड्यानं राहत असे. खोलीत स्पीकरचे दोन मोठे बॉक्स धडधडत असायचे आणि हा फाटक उघडून एक, दोन, तीन गल्ल्या ओलांडून चौथ्या गल्लीत जाऊन उभा! तिथं मान वाकडी करून ऐकायचा, परत यायचा, दोन बटणं फिरवायचा, की पुन्हा चपला. उन्हाळ्यातसुद्धा दिवसाच्या आठ-दहा खेपा ठरलेल्या. "वकीलसाहेब, तुमचा भाडेकरू बरा आहे ना?" असं शेजारच्यांनी बाबांना दोनदा तरी विचारलं होतं.

मी त्यांना ठोकेकाका म्हणायची. ठोके वाजवतात म्हणून ठोकेकाका, एवढंच. पण बाबांना ते आडनाव वाटलं आणि माझ्या भावाच्या मुंजीची पत्रिका त्यांनी सरळ "श्री. ठोके, सहकुटुंब" अशी घातली. काकांचं कुटुंब म्हणजे ते स्वतः. पत्रिका त्यांनी खोलीच्या भिंतीवर डकवून ठेवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "वकीलसाहेबानं बारसं केलं माह्यं," म्हणायचे.

तोवर आमच्याकडे नाचायची गाणी मुंबईहून सीडीवर यायची. काकांना ती पटत नसत. "थे मुंबईचे ठोके मुंबईच्या पायाले. आपल्या पायाले संदलच लागते," हे त्यांचं म्हणणं. संदल म्हणजे आमच्या मिरवणुकीत ढोल-ताशांचा जो ताफा वाजतो तो. अकोल्याहून एक जुना कंप्युटर आणून काकांनी त्यात संदलचा ठेका बसवला, त्याखाली पोटात घुमणारा धम्म घातला, आणि घरबसल्या नवीच चीज तयार केली. आज परतवाड्यापासून अकोल्यापर्यंत कुठलाही डीजे जे वाजवतो, त्याचं मूळ आमच्या मागच्या खोलीत आहे. हे मी छातीठोकपणे सांगते, कुणाला वाद घालायचा असेल तर घाला.

आता मला नसत्या चौकशा फार. काकांच्या प्रत्येक गाण्यात धम्मच्या मागून एक कोरडा, टणक आवाज यायचा. ठक्. टाळी नव्हे, ताशाही नव्हे. कॉलेजातून आले की मी त्यांच्या दारात. "काका, हा आवाज कशाचा?"

"तुले काहून पाह्यजे?"

"सांगा ना!"

"वकिलाची पोरगी हायेस ना? मंग शोध."

बॅट म्हणून झालं, नारळ म्हणून झालं, लाटणं म्हणून झालं. वर्षभर मी हरतच होते. मग एका दुपारी काका गावाहून, शेंदूरजनाघाटहून, संत्र्याच्या पेटीच्या फळ्या, खिळे आणि हातोडी घेऊन आले. माइक लावला, फळीवर खिळा धरला आणि हातोडी मारली. ठक्! मी बघतच राहिले. त्यांच्या घरी संत्र्याची बाग, आणि हंगामात त्यांचे वडील पेट्या ठोकायचे. "एका घावात खिळा आत गेला पाह्यजे, तवाच असा ठक् येते," काका म्हणाले. "मी ल्हान होतो, बागेच्या त्या टोकाले उभा राहो. बाबाची हातोडी पहिले दिसे, आवाज मांगून ये. पन पोचे बरं! बाकी साऱ्या बागेतला गलका तिथंच राहे आन थो ठक् माह्यापर्यंत पोचे."

तेव्हा मला त्या चपलांचं कोडं उलगडलं. "कानाजवळ तं मच्छरबी मोठा वाटते," काका म्हणाले. "चौथ्या गल्लीत ठक् पोचला तं थे गानं. नाई तं मंग नुसता कल्ला."

त्याच दुपारी घोटाळा झाला. माइक चालू, काका फळी धरून तयार, आणि कंप्युटर मध्येच अडकला. आमच्या घरात "मले-तुले" म्हणायची सोय नव्हती. बाबा जेवता जेवता चूक सुधारायचे. मैत्रिणींत मात्र मी पक्की वऱ्हाडी, आणि मागची खोली काही घरात धरत नव्हते मी. माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "काहून थांबला बे?" काका हसत सुटले. हसण्याच्या नादात तो खंड आणि ते वाक्य काढून टाकायचं राहिलं आणि सीडी तशीच अकोल्याच्या गाण्यांच्या दुकानात विक्रीला गेली.

महिनाभरात अचलपूरला माझ्या मामेभावाचं लग्न निघालं. वरात रंगात आलेली, बाबा फेटा बांधून पुढे. एकाएकी गाणं बंद. सगळ्यांचे हात हवेतच राहिले. आणि त्या शांततेत दोन भल्यामोठ्या बॉक्समधून माझा आवाज आला, "काहून थांबला बे?" लगेच ठक्, आणि धम्म सुरू! लोकांनी असा काही दंगा केला की नवरदेवाची घोडी बिचकली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"कोण ही उद्धट मुलगी?" बाबांनी विचारलं.

"काय माहीत, बाबा."

बाबांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "उच्चार मात्र स्पष्ट आहेत," एवढंच म्हणाले आणि फेटा सावरून पुढे झाले.

परत आल्याबरोबर मी काकांवर तुटून पडले. "आधी ते काढा!" काका म्हणाले, "आता थे काढलं तं लोक मले काढतीन." खरंच होतं. अकोल्याच्या दुकानात लोक "थांबला बे वालं" मागू लागले होते. बाकीचे डीजे गाण्यात दर मिनिटाला स्वतःचं नाव ओरडून घ्यायचे. काकांनी एकाही गाण्यात आपलं नाव टाकलं नाही. "लोकाइले पाय हालवाचे हायेत, नाव आयकाचं नाई," म्हणायचे. त्यांच्या प्रत्येक गाण्यावर त्यांची सही म्हणून माझाच आवाज राहिला.

अशी बारा-तेरा वर्षं गेली. मी एका शिकवणी वर्गात शिकवू लागले, माहेर जवळ होतं, जाणं-येणं होतं. एकदा पाहिलं तर काका तिसऱ्याच गल्लीतून परत फिरले. "गुडघे दुखतात का?" मी विचारलं. "हाव, गुडघेच," ते म्हणाले. पुढल्या वर्षी दुसरी गल्ली. आणि नव्या गाण्यांतला ठक् दिवसेंदिवस टोकदार होत चालला. अकोल्याचा दुकानदार तोंडावर म्हणाला, "काका, हा ठक् आता कानात खिळा ठोकून रायला."

मग एका दुपारी दुसऱ्या गल्लीत लिंबाखाली मी त्यांच्याशेजारी उभी होते. ठक् अगदी लख्ख येत होता.

"येऊन रायला का?" काकांनी विचारलं.

येतो म्हणावं तर त्यांना कळणार, की गेलं ते त्यांच्या कानातून. नाही म्हणावं तर ते तो आणखी चढवणार. पण त्या माणसाशी आवाजाबद्दल खोटं कसं बोलायचं?

"येतो, काका. चांगला येतो."

काकांनी वाकडी केलेली मान सरळ केली. "मले नाई येऊन रायला," म्हणाले.

अकोल्याला कानाच्या डॉक्टरकडे मीच घेऊन गेले. बारीक, टोकदार आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत. उरलेलं जितकं टिकवायचं तितकं टिकवा आणि बॉक्स बंद करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. येताना एसटीत काका म्हणाले, "साऱ्या दुनियेच्या कानाची काळजी केली, आपले राहूनच गेले." मला रडू आलं, तर मलाच म्हणाले, "तू काहून रडून रायली? तुले तं येते ना ऐकू?"

तरी त्यांनी एक गाणं करून पाहिलं. ते खोलीत बसायचे आणि मी चौथ्या गल्लीत जाऊन यायची, ठक् कमी की जास्त ते हातानं सांगायची. आठ दिवसांनी त्यांनीच बटण बंद केलं. "दुसऱ्याच्या कानानं गानं होत नाई, पोरी. हे तुह्यं गानं होऊन रायलं." बॉक्स कुणाला तरी देऊन टाकले, भिंतीवरची पत्रिका तेवढी काढून घेतली. फाटकाशी मी विचारलं, "काका, असं थांबायचं काहून?" तर म्हणाले, "कंप्युटरले विचार." आणि गेले गावी.

गेल्या लग्नसराईत मी शेंदूरजनाघाटला गेले होते. काका बागेच्या फाटकाशी रिकाम्या पेटीवर बसलेले. आता त्यांना काहीच ऐकू येत नाही. बोलतात मात्र इतक्या मोठ्यानं, की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. मी कागदावर लिहून बाबांची खुशाली सांगितली. संध्याकाळ व्हायची होती. लांबून वरात येत होती. काकांना मी काही सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आपणहून फाटकाच्या पत्र्यावर तळहात टेकवला. पत्रा थरथरत होता.

"आपलंच हाये," ते ओरडले. "ठक् येते का इथवर?"

मी मान डोलावली. येत होता. तोच, जुना, एका घावातला.

एकाएकी पत्रा थरथरायचा थांबला. काकांनी बोट वर केलं. रस्त्यावरून माझा एकोणिसाव्या वर्षीचा आवाज आला, "काहून थांबला बे?" मी ते कंप्युटरला म्हटलं होतं हो! त्या क्षणी मात्र ते काकांनाच विचारल्यासारखं वाटलं.

"आता तूच बोलली ना?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, आणि मग आठवलं की त्यांना ते ऐकू जाणार नाही. म्हणून त्यांच्या तळहाताशेजारी पत्र्यावर मी बोटाच्या पेरानं एकदाच मारलं. ठक्.

काकांनी मान वाकडी केली, तशीच, चौथ्या गल्लीत करायचे तशी.

"पोचला," ते म्हणाले.