दुसरा थेंब घ्या

बाटली मी टेबलाच्या कडेला टेकवली मात्र, पुढच्या खुर्च्यांवरची माणसं ताडकन उठली.

"अरे अरे अरे! याला आत कुणी सोडलं?"

गिरगावातल्या एका वाडीत विज्ञानाचं व्याख्यान होतं. दारावर छापील कागद होता: आपापल्या विहिरीचं पाणी आणा, सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मोठं करून दाखवू. मी तो आदल्या दिवशीच वाचला होता. बाप फौजेतला, त्यानं अक्षर शिकवलेलं. महारांनी आणू नये असं कागदावर कुठं नव्हतं. लिहायची गरजच नसते म्हणा. आपलं आपण ओळखून राहायचं असतं.

मी नाही राहिलो. माझी थोरली पोर पटकीनं गेली होती. सकाळी अंगणात खेळत होती आणि दिवस मावळायला गार पडली. धाकटी त्याच विहिरीचं पाणी पीत होती. भोईवाड्यात आम्हाला शिवू देतात अशी ती एकच विहीर. बायको रोज विचारायची, "पाणीच खातंय का हो आपल्या पोरांना?" मला तेवढंच कळायला हवं होतं. सकाळीच विहिरीवर बाटली भरून सोबत नेली होती. गिरणीतून सुटलो तो कोळशानं माखलेल्या अंगानं तसाच चालत गेलो.

व्याख्याते रावसाहेब, डोळ्यांवर चष्मा, मोठे शिकलेले. त्यांनी मला उंबऱ्याबाहेर उभं केलं. गड्यानं बाटली फडक्यात धरून तिच्यातला थेंब यंत्राच्या काचेवर सोडला. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, टेबल विटाळलं! झालं. तांब्या आला. तुळशीची डहाळी बुडवून पाणी शिंपडलं. टेबलावर, खुर्च्यांवर, यंत्रावर. त्या काचेवरसुद्धा.

मग एकेकानं नळीला डोळा लावला. "शी शी! काय वळवळतंय!"

रावसाहेब माझ्याकडे वळले. "बघ. तुमच्या घाणीचं फळ आहे हे. असलं पिता, आणि मग पोरं मेली की रडता."

सभा हसली. माझ्या पोरीवर हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मी म्हणालो, "रावसाहेब, काचेवर तुमचं शिंपडलेलं पाणीपण पडलंय. यातलं कुणाचं काय, कसं कळणार? काच पुसा. दुसरा थेंब घ्या. आणि मला बघू द्या."

"तू नळीला डोळा लावणार? मग आम्ही काय लावायचं?"

पुन्हा हशा. गड्यानं बाटली खाली ठेवली आणि पायानं माझ्याकडे ढकलली. "उचल आणि चालता हो."

जन्मभर मी असंच उचलत आलो होतो. फेकलेली मजुरी, फेकलेली भाकर. त्या दिवशी कंबर वाकेचना.

"हातानं दे, घेतो."

दिली नाही. मीही उचलली नाही. तसाच निघालो. परळपर्यंत तोंडात शिव्या होत्या, त्या इथं सांगत नाही.

घरी आल्यावर मात्र डोकं चालू लागलं. बघायचं तर होतंच. डब्याच्या पत्र्याला बारीक खिळ्यानं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या. भोकात पाण्याचा एक थेंब धरला. थेंब गोल राहिला की त्यातून खालचं मोठं दिसतं. सोपं वाटतं, पण नाही. श्वास लागला की थेंब हलतो, हात कापला की पडतो. मी कितीदा तरी चिडून पत्रा भिरकावला. मग बायकोनं पत्रा दोन विटांवर ठेवला आणि म्हणाली, "आता धरू नका, नुसतं बघा." तिथून जमलं.

कुणाला स्वतःचं स्वतः शोधायचं असेल, तर ऐका. भोकातला थेंब उकळलेल्या पाण्याचा घ्या, नाहीतर त्यातलेच किडे बघत बसाल. दोन वाट्या ठेवा, एक विहिरीच्या पाण्याची, एक त्याच विहिरीच्या उकळून गार केलेल्या पाण्याची. एकेकीतला थेंब काचेच्या तुकड्यावर घेऊन पत्र्याखाली अगदी जवळ ठेवा. बघणाऱ्याला कुठली कुठली ते सांगू नका. मी आळीतल्या बायकांना असंच बसवलं. सगळ्यांनी एकाच वाटीकडे बोट दाखवलं, "यात हलतंय गं बाई!" ती न उकळलेली होती.

त्या किड्यांनीच माझी पोर नेली का? मला माहीत नाही. माझ्या पत्र्यातून तेवढं दिसत नाही. पण उकळल्यावर हलणारं थांबतं, हे आम्ही पाहिलं. तेव्हापासून धाकटी उकळलेलंच पिते. जळण पुरत नाही, बायको वैतागते, मीही वैतागतो. तरी उकळतो. त्या रावसाहेबांच्या टेबलावरही हे समजलं असतं. एक थेंब पुन्हा घ्यायचा होता फक्त. ही चीड जात नाही, आणि जावी असं मला वाटतही नाही.

पत्र्याची गोष्ट गिरगावात पोचली. तोच गडी दारात आला.

"रावसाहेबांचा निरोप आहे. रविवारी तुझा पत्रा घेऊन ये. तू बाहेर अंगणात बस, लोकांना ते समजावून सांगतील."

"त्यांना म्हणावं, रविवारी मी मोकळा नाही. घोडपदेवच्या आमच्या लोकांनी त्यांच्या विहिरीवर बोलावलंय."

"अरे, रावसाहेब स्वतः बोलावतायत!"

"बघायचं असेल तर तिथं या म्हणावं. आमच्या बायका आधी बघतील, मग त्यांचा नंबर. समजावून मी सांगेन."

गडी खो खो हसत गेला. हसू दे. रविवारी विहिरीवर मी पत्रा एकच नेणार नाही. खिळा आणि डब्याचे तुकडे नेणार आहे, ज्याचं त्यानं करून घ्यावं म्हणून. पुढं कुठल्याही पोरीचा बाप पाण्याची बाटली घेऊन कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहायला नको.