चिमणीचा गाल

शिवणकामाचा कारखाना बंद पडला तेव्हा वहिनी चौतीस वर्षांची होती. बारा वर्षं तिने कॉलर शिवल्या होत्या. हात स्थिर, नजर बारीक. या भांडवलावर आपण मेकअप आर्टिस्ट होऊ, असं तिने ठरवलं. शिकली मोबाईलवर, व्हिडिओ थांबवून थांबवून. सामान ठेवायला नवऱ्याची हत्यारांची पेटी धुऊन घेतली. पण जिच्याकडे जावं ती एकच विचारायची, आधी केलेलं काही दाखवता का? दाखवायला काही नव्हतं, आणि दाखवायला काही नाही म्हणून कोणी काम देत नव्हतं.

घरात नणंद होती. सगळे तिला चिमणी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडले की तिची जी टकळी सुरू व्हायची ती झोपेपर्यंत. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. तिच्या डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत जांभळट डाग होता, जन्मापासूनचा. त्याचं तिला ना सोयर ना सुतक. नवीन गिऱ्हाईक टक लावून बघू लागलं, तर हीच विचारायची, चिठ्ठी आणलीय का? सव्वीस वर्षं तो डाग तिच्या खिजगणतीतही नव्हता.

तुझा मेकअप करून बघू का, असं वहिनीने विचारल्यावर चिमणी हसत खुर्चीत बसली. वहिनीने तिला खिडकीशी नेलं, डावा गाल उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, जरा तोंड पाडून बस, हसू नकोस. पहिला फोटो काढला. मग आधी नारिंगी क्रीम, त्यावर फाउंडेशनचे पातळ थर, मग पावडर. तासाभरात डाग नाहीसा झाला. आता हस, म्हणाली, आणि दुसरा फोटो काढला.

फोटो कुठे लावणार, हे तिने सांगितलं नाही. चिमणीनेही विचारलं नाही. वहिनीने मोबाईलवरच्या आपल्या जाहिरातीत दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि खाली लिहिलं, ‘लपवायचं असेल ते माझ्यावर सोडा.’

आठवड्यात चार कामं आली. त्यांतल्या एका नवरीच्या आईने अनुभव विचारला, तर वहिनी बेधडक म्हणाली, बारा वर्षं. ते खोटं तिला फारसं टोचलं नाही. टोचलं ते पुढचं.

एका सकाळी चिमणी डबा भरून वहिनीपुढे येऊन उभी राहिली. दुकानात कोणीतरी विचारलं होतं, फोटोतली बिचारी ती तूच ना? म्हणाली, आज जरा लावून दे. दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्या दिवशी न बोलता खुर्चीत बसली. चिमणी न बोलता बसते, हे त्या घरात कोणी पाहिलं नव्हतं.

त्याच दुपारी वहिनीने फोटो काढून टाकले. नवरा म्हणाला, उगाच मनाला लावून घेतेस, कामं येतायत ना? संध्याकाळी चिमणीशेजारी बसून तिने सगळं कबूल केलं. “तोंड पाड म्हटलं ते मुद्दाम. तू वाईट दिसावीस म्हणून. चुकले मी.”

चिमणी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली.

“फोटो काढून टाकलेस, बरं केलंस,” ती म्हणाली. “पण वहिनी, आता तो मला दिसतो. आधी दिसायचा नाही.”

यावर वहिनीजवळ कुठलंच क्रीम नव्हतं. तू आहेस तशीच छान आहेस, हे ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचा हक्क आपण घालवलाय, हेही तिला कळत होतं. निदान मिंधेपणा नको, म्हणून तिने चिमणीला सगळं स्वतःचं स्वतः करायला शिकवलं. चिमणी भराभर शिकली. दहा मिनिटांत आवरून कामाला जाऊ लागली. हळूहळू बडबडही परतली, थोडी कमी.

वहिनीचं बस्तान बसलं. कोणाचाही मेकअपच्या आधीचा फोटो ती काढत नाही. गिऱ्हाइकं कारण विचारतात, तेव्हा विषय बदलते.

घरी चेहरा धुतल्यावर चिमणी जेवायला भिंतीकडच्या जागेवर बसू लागली होती, डावा गाल भिंतीला. एकदा वहिनीच मुद्दाम तिथे जाऊन बसली. चिमणी ताट हातात घेऊन क्षणभर उभी राहिली.

“वहिनी, सरक ना जरा.”

वहिनी सरकली.