टाकी गळत नव्हती

‘ऐन महापुरात, भर पाण्यात, आपल्या बोटीचे इंजिन अचानक बंद पडले. स्थानिक कारागिराने बसवलेल्या टाकीचे वेल्डिंग सदोष असल्याने पेट्रोलमध्ये पाणी शिरले होते. तथापि कार्यकर्त्यांनी प्रसंगावधान राखून सर्वांना सुखरूप बाहेर काढले.’

ही तीन वाक्ये आमच्या भागातील एका तालमीच्या स्मरणिकेत, रंगीत फोटोखाली छापलेली आहेत. पहिले वाक्य खरे आहे. तिसरे अर्धे खरे आहे. दुसरे वाक्य खोटे आहे आणि त्यातील ‘स्थानिक कारागीर’ मी आहे. माझे नाव छापण्याचे धाडस त्यांना झाले नाही. पण उद्यमनगरात, आमच्या कारखान्यांच्या वस्तीत, अॅल्युमिनियमच्या टाक्या करणारा दुसरा माणूस नाही, हे गावाला ठाऊक आहे.

स्मरणिका वाटली गेली आणि आठ दिवसांत हातकणंगले तालुक्यातील एका गावाचा निरोप आला. त्यांच्या बोटीतही मीच टाकी बसवली आहे. पावसाळ्यापूर्वी ती काढून द्यावी, आम्ही पुन्हा प्लॅस्टिकचा कॅन वापरू, असे सरपंचांनी फार नम्रपणे सांगितले. त्या नम्रपणाचा मला जास्त राग आला. माझ्या नावाचे काय व्हायचे ते होवो, मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. परंतु त्या तीन ओळींमुळे चांगली टाकी कापून काढली जाणार असेल आणि पुरातून सुटलेल्या माणसांच्या पायांत पुन्हा पेट्रोलचा कॅन लोळणार असेल, तर मला गप्प बसता येणार नाही.

म्हणून घडले ते क्रमाने लिहितो.

कोल्हापूरबाहेरच्या वाचकांसाठी एक खुलासा. आमच्याकडे तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. गणपती, फुटबॉल, रक्तदान आणि पूर, हे सारे तालमीतूनच हलते. पंचगंगेचे पाणी पात्राबाहेर पडले की पोरे बोट घेऊन निघतात आणि त्यांच्या हिमतीबद्दल मी एक शब्दही वावगा बोलणार नाही. या तालमीकडे सोळा फुटी अॅल्युमिनियमची बोट होती. मागे लटकवलेले, दोरी ओढून सुरू करायचे इंजिन. त्याच्याबरोबर कंपनीचा एक लाल कॅन आला होता. तो बोटीच्या तळावर मोकळा असे. आधीच्या पुरात एका आजीबाईंचे गाठोडे त्यावर आदळले, नळी निखळली आणि तळाला पेट्रोल पसरले. त्याच वेळी बोटीत कोणीतरी विडी काढत होते. तेव्हा तालमीचे अध्यक्ष माझ्याकडे आले आणि म्हणाले, पक्की टाकी बसवून द्या.

अध्यक्षांचे पहिले म्हणणे असे की टाकी मागे, इंजिनाजवळ हवी, म्हणजे नळी आखूड लागेल. मी नकार दिला. मागे इंजिन आहे, ते चालवणारा माणूस आहे. तिथेच चाळीस लिटर पेट्रोल ठेवले, तर बोटीचे नाक वर उठते आणि चालवणाऱ्याला पुढचे दिसत नाही. टाकी मधल्या आसनाखालीच बसेल, असे मी सांगितले.

त्यांचे दुसरे म्हणणे असे की त्यांच्या मेहुण्यांकडे स्टीलचा पत्रा पडून आहे, तो वापरावा. मी पुन्हा नकार दिला. दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून पाण्यात राहिले की त्यांतला एक झिजतो, इथे अॅल्युमिनियम. स्टीलची टाकी वर्षानुवर्षे टिकली असती आणि तिच्याखालची बोट चाळणी झाली असती.

“आण्णा, तुमी परत्येक गोष्टीला न्हाईच म्हणताय,” अध्यक्ष म्हणाले.

“मग हो म्हणणाऱ्याकडं जावा,” मी म्हणालो.

ते गेले नाहीत, कारण तसा कोणी नव्हता.

टाकी मी तीन मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमच्या पत्र्याची केली. आत दोन आडवे पडदे घातले. बोट हेलकावली की पेट्रोल एका बाजूला धावते आणि त्या धक्क्याने सांधे उकलतात. पडदे ते धावणे अडवतात. टाकीखाली रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, म्हणजे तळाला साचलेले पाणी पत्र्याला लागून राहत नाही. इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवर पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवला. त्याला खाली पारदर्शक वाटी असते. पेट्रोलमध्ये पाणी आलेच, तर ते जड असल्याने वाटीत उतरते.

वेल्डिंग मी स्वतः केले. हात थरथरतो असे म्हणणाऱ्यांनी माझ्या शॉपमध्ये, म्हणजे वर्कशॉपमध्ये, यावे. सर्व तोंडे बंद करून सायकलच्या पंपाने टाकीत हवा भरली, दाब दाखवणारे गेज लावले आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी फिरवले. कुठे सुईएवढे भोक असेल, तरी बुडबुडा येतो. एकही आला नाही. चोवीस तास गेजचा काटा जागचा हलला नाही. हे अध्यक्षांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, मोबाइलवर फोटोही काढला. स्मरणिकेत तो फोटो नाही.

आता मुख्य भागाकडे येतो. त्याचे नाव व्हेंट.

तेलाच्या डब्याला किराणा दुकानदार कधी एक भोक पाडत नाही. दोन पाडतो. एकातून तेल बाहेर येते, दुसऱ्यातून हवा आत जाते. दुसरे भोक नसेल, तर तेल थोडे येते आणि थांबते. पेट्रोलच्या टाकीचेही तेच आहे. इंजिन पेट्रोल ओढते, तेवढी हवा टाकीत शिरली पाहिजे. ती जिथून शिरते त्या वाटेला व्हेंट म्हणतात. कंपनीच्या कॅनच्या झाकणावर तेवढ्यासाठी एक छोटा स्क्रू असतो. माझ्या टाकीचे झाकण घट्ट बसणारे होते, कारण त्यावर माणसे पाय देणार, पाऊस पडणार. म्हणून व्हेंटची नळी मी कडेने वर नेली आणि बोटीच्या बाहेरच्या अंगाला, काठाच्या चार बोटे खाली काढली. तोंडावर बारीक जाळी बसवली आणि ते पत्र्याशी सपाट ठेवले.

सपाट का ठेवले, टोक पत्र्याच्या पुढे का आणले नाही, असे आता काही शहाणे विचारतात. पाण्यातून माणसाला काठावरून आत ओढताना लुगड्याचा पदर, दोर, पोराचा दंड, काहीही त्या टोकात अडकले असते, म्हणून.

बोट ताब्यात देताना मी बाळूला ते तोंड बोट लावून दाखवले. बाळू म्हणजे इंजिन चालवणारा. चाळिशीचा, मासेमारीवर जगणारा, नदी ओळखणारा माणूस. त्याला म्हटले, हे नाक आहे, हे दाबायचे नाही. अध्यक्ष शेजारीच उभे होते. ते फोनवर बोलत होते.

पावसाळ्याच्या तोंडावर तालमीने बोटीची पूजा केली. ट्रॉलीवर चढवून, हार घालून, बेंजो लावून पेठेतून मिरवणूक काढली. इंजिन सुरू केले नाही, कारण ट्रॉलीवर, पाण्याबाहेर, इंजिन सुरू करत नाहीत. मी त्या दिवशी शॉपमध्ये होतो. आमच्याकडे कोणतीही वस्तू दिली की तीवर देणाऱ्याचे नाव लावतात. पाण्याची टाकी असो, बाकडे असो, अँब्युलन्स असो. नावावाचून दान आम्हाला पचत नाही. त्या रिवाजाने बोटीवरही काहीतरी लावले, एवढेच मला ऐकून ठाऊक होते.

मग पूर आला. तिसऱ्या दिवशी दुपारी बाळूचा फोन आला. त्या दिवशीच्या दोन फेऱ्या नीट झाल्या होत्या आणि तिसरीत, पुरात वेढलेल्या चिखली गावाहून परतताना, इंजिन थांबले होते. बोटीत आठ दिवसांची बाळंतीण, तिचे मूल, तिची आई आणि दोन म्हातारे होते. बोट हळूहळू उसाच्या फडाकडे सरकत होती. उसात इंजिनाचा पंखा गुंतला, तर इंजिन सुरू होऊनही उपयोग नसतो. फडापलीकडे नदीचे मूळ पात्र होते.

“आण्णा, इंजान घेत न्हाई. दोरी ओढून खांदा निखळायची पाळी आली.”

“कुठं हायस?”

“रस्त्यावरच हाय की. रस्ता खाली, आमी वर.”

त्याही वेळी त्याला विनोद सुचत होता, म्हणून माझे डोके शांत राहिले. टाकी आणि इंजिन यांच्यामधल्या नळीवर रबराचा एक फुगा असतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी तो हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलतात. त्याला आम्ही बल्ब म्हणतो. चांगल्या अवस्थेत तो भरलेला असतो.

“बल्ब बघ. कसा हाय?”

“चपटा पडलाय. वाळल्या लिंबागत.”

“टाकीचं झाकण सैल कर.”

“आण्णा, पाऊस लागलाय वरनं.”

“लागू दे. सैल कर.”

पलीकडे मूल रडत होते आणि म्हातारी कोणाला तरी देवाचे नाव घ्यायला सांगत होती. मग बाळू म्हणाला, “फुस्स केलं बघा. हवा वडून घेतली तिनं.”

“बल्ब?”

“फुगला.”

“वड दोरी.”

त्याने दोनदा ओढली. इंजिनाचा आवाज मी फोनवर ऐकला. झाकण सैलच ठेव, वर फडके धर आणि परत ये, असे सांगून मी फोन ठेवला. स्मरणिकेतील प्रसंगावधान ते हेच. ते बाळूचे होते आणि बाळूचे नाव तिथे नाही. फोटोत तो कडेला अर्धा कापला गेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोट पाहायला गेलो. ती काठावर ओढून ठेवली होती. बाहेरच्या अंगाला तीन फूट लांबीचा चकचकीत स्टिकर होता. ‘सौजन्य’, खाली अध्यक्षांचे नाव आणि फेटा बांधलेला फोटो. माझे व्हेंट नेमके त्या फोटोखाली गेले होते. पेट्रोल भरायला झाकण उघडले की हवा आत जाई, म्हणून आधीच्या फेऱ्या निभावल्या होत्या; त्या दिवशी तिसऱ्या फेरीपर्यंत झाकण उघडले नव्हते. आतून इतकी ओढ बसली होती की अध्यक्षांच्या कपाळावर जाळीची चौकट उमटली होती. मी नखाने तो कोपरा सोलला. जाळी कोरडी आणि स्वच्छ होती. बाळू शेजारी उभा राहून आभाळाकडे पाहत होता. स्टिकर लावला तेव्हा तो तिथे नव्हता आणि नंतर दिसला तरी अध्यक्षांचा फोटो सोलण्याची त्याची छाती झाली नाही. तसे त्याने मला सांगितले.

अध्यक्ष आले. मी त्यांना स्टिकरवरचे कपाळ दाखवले.

“आण्णा, एवढ्या कागदानं इंजान बंद पडतंय व्हय?”

“कागद न्हाई, व्हायनल हाय, पिलॅस्टिकच. हवा अडवायला तेवढं पुरतंय.”

“भोक उघडं ऱ्हायलं असतं तर पावसाचं पाणी आत गेलं असतं की. आमी बरंच केलं म्हणायचं.”

तेवढ्यात इंजिनाचा मेकॅनिक आला. त्याने फिल्टरची वाटी सोडवली, त्यात तीन-चार चमचे पाणी निघाले. तो म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. अध्यक्षांनी ते वाक्य हवेतच झेलले. टाकी गळतीय, असे त्यांनी तिथल्या तिथे चार जणांना सांगितले आणि पुढे ते छापून आले.

मेकॅनिक खोटे बोलला नाही. पाणी होते. ते माझ्यामुळे आले, हेही मी इथे लिहून देतो. भर पावसात झाकण सैल ठेवायला मीच सांगितले होते. फडके किती पाणी अडवणार? परंतु ते पाणी इंजिन बंद पडल्यानंतर आले. ज्या फिल्टरच्या वाटीने ते धरले, तो फिल्टरही मीच बसवला होता. मी अध्यक्षांना म्हटले, टाकी बाहेर काढा, तुमच्या तालमीत, चारचौघांसमोर, पुन्हा हवा भरून दाखवतो. एक बुडबुडा आला, तर शॉपला कुलूप घालीन. ते म्हणाले, आता पुराच्या गडबडीत कशाला, नंतर बघू. नंतर पूर ओसरला, गणपती आले, स्मरणिका आली. टाकी कोणी काढली नाही. स्टिकर मात्र नवा लागला. या वेळी दुसऱ्या बाजूला.

आमच्या धंद्यात मी पन्नास वर्षांत एक गोष्ट पाहिली. कारागिराचे काम लोक डोळ्यांनी तपासतात, पण स्वतःच्या नावाची पाटी कुठे ठोकली हे कोणी तपासत नाही. म्हणून पाटी ठोकण्यापूर्वी मागे काय आहे ते पाहावे.

हातकणंगल्याच्या सरपंचांना आणि हा मजकूर वाचणाऱ्या सर्वांना मी वेल्डिंगवर विश्वास ठेवा असे म्हणत नाही. माझ्यावरही ठेवू नका. त्यांनी चिखलीच्या लोकांना एवढेच विचारावे की बाळंतिणीला काठावर उतरवल्यानंतर काय झाले. टाकी कोणी उघडली नाही, पेट्रोल कोणी बदलले नाही, सांध्यांना कोणी हात लावला नाही. फक्त झाकण सैल होते. त्याच टाकीवर ती बोट त्या दुपारी चिखलीला आणखी चार वेळा गेली आणि चारही वेळा माणसे घेऊन परत आली.